वणव्याचा धूर

वैनगंगेच्या पूर्व तीरावर वडसा हें गांव आहे. सरकारदफ्तरीं त्यालाच देसाईगंज असेंहि म्हणतात. गोंदियाहून चांद्याकडे जाणारा लोहमार्ग या गांवावरून जातो व पुढें नदी ओलांडून ब्रह्मपुरीच्या बाजूस उतरतो. गडचिरोली जिल्ह्यांत आगगाडीचें स्थानक असें दीर्घकाळ हें एकच होतें. गांवाभोंवतीं धानाच्या बांध्या, आणि पूर्वेस कुरखेडा-कोरचीकडे पसरत गेलेलें पानझडीचें रान, अशी या मुलखाची ठेवण आहे. माघ-फाल्गुनांत साग, ऐन, मोह, तेंदू यांचीं पानें गळूं लागतात आणि जमिनीवर पाचोळ्याचा जाड थर सांचतो. त्यावर एक ठिणगी पडली कीं वणवा सुरू होतो. तो भूमीलगत सरकत जातो. मोठीं झाडें बहुधा वांचतात. पण कोंवळीं रोपें, जमिनीवरील घरटीं आणि उद्यांचें बीज जळून जातें. रात्रीं टेंकड्यांवर ज्वाळांच्या रांगा दिसतात आणि सकाळीं सखल भागावर धुराचा निळसर पडदा लोंबत राहतो.

ही आग आकाशांतून पडत नाहीं. या प्रदेशांतील बहुतेक वणवे मनुष्याच्या हातून लागतात, आणि त्या हाताला बहुधा कांहीं कारण असतें. मोहाचीं फुलें पहाटेच्या सुमारास गळतात. पाचोळ्यांत तीं दिसत नाहींत, म्हणून वेंचणारे झाडाखालचीं पानें जाळून जागा स्वच्छ करतात. झुडपें जाळलीं वा छाटलीं म्हणजे तेंदूला नवीं, मऊ पानें फुटतात, आणि विडीला तींच हवीं असतात. गुराख्याला पहिल्या पावसाबरोबर कोंवळें गवत हवें असतें. भामरागडकडील माडिया लोक डोंगरउतारावर झाडें तोडून, वाळवून, जाळून, त्या राखेंत धान्य पेरीत; या शेतीला ते पेंडा म्हणत. अग्नि हें येथें शेतकऱ्याचें अवजार होतें. मात्र अवजार हातांतून सुटलें कीं त्याचाच वणवा होई.

१८५४ सालीं नागपूरचें राज्य खालसा झालें आणि १८६१ सालीं मध्यप्रांताची स्थापना झाली. त्यानंतर या रानाकडे पाहण्याची दृष्टि पालटली. लोहमार्गांचें युग सुरू झालें होतें, रुळांखालीं घालण्यास लांकूड हवें होतें, आणि सागाचें प्रत्येक झाड सरकारच्या लेखीं रोकड ठरलें. मध्यप्रांताचे पहिले वनसंरक्षक पिअर्सन यांनीं सातपुड्यांतील बोरीच्या जंगलांत १८६० नंतरच्या दशकांत आगीपासून रक्षणाचा प्रयोग यशस्वी करून दाखविला. १८६५ व १८७८ सालचे जंगल कायदे झाले, जाळरेषा आंखल्या गेल्या, पहारे बसले. मंडला-बालाघाटकडील बैगांची बेवर शेती १८९० सालीं एका ठराविक प्रदेशापुरती कोंडण्यांत आली. पूर्व चांद्याचा बराच भाग मात्र जमीनदाऱ्यांचा होता. तेथें सरकारी जंगलाची शिस्त तितकी पोंचली नाहीं. १९५१ सालीं जमीनदाऱ्या रद्द झाल्या, तेव्हां तीं रानें सरकारकडे आलीं. शतकानुशतकें चालत आलेली गोष्ट अशा रीतीनें गुन्हा ठरली, आणि वनवासी मनुष्य आपल्याच रानांत आरोपी होऊन बसला.

गंमत अशी, कीं आग सर्वस्वीं शत्रूच आहे काय, याविषयीं खुद्द जंगलखात्यांतच एकमत नव्हतें. ब्रह्मदेशांत काम करणाऱ्या स्लेड नांवाच्या अधिकाऱ्यानें १८९६ सालीं ‘इंडियन फॉरेस्टर’ या नियतकालिकांत, आगीपासून अतिरेकी रक्षण केल्यानें सागाचेंच नुकसान होतें, असा पक्ष मांडला. पुढें ब्रह्मदेशांतील अनेक सागवनांत हें रक्षण सोडून देण्यांत आलें. पाचोळा फार सांचण्यापूर्वीं, हवेंत ओलावा असतांना, हळू आंचेवर तो जाळून टाकावा, ही पद्धतहि खात्यानें हळूहळू स्वीकारली. वनवासी मनुष्य ज्या ज्ञानासाठीं दंड भरीत होता, त्यांतील कांहीं अंश शास्त्राच्या नांवानें दफ्तरांत दाखल झाला.

परंतु या साऱ्या वादांत एका गोष्टीचा हिशेब कोणीं धरला नाहीं. ती म्हणजे धूर. १९२७ च्या वनकायद्याचें सव्विसावें कलम राखीव जंगलांत आग लावणाऱ्यास शिक्षा सांगतें आणि जंगलाच्या नुकसानीची भरपाई घेण्याची मुभा देतें. झाडाची किंमत त्यांत आहे, श्वासाची नाहीं. १९८१ चा हवेच्या प्रदूषणाविषयींचा कायदा आला, तोहि मुख्यतः कारखान्यांच्या धुराड्यांकडे पाहणारा. चांद्याची औष्णिक वीज आणि कोळसा यांची चर्चा झाली, तीहि योग्यच होती. पण रानाचा धूर हा ऋतूचाच भाग समजला गेला.

हा धूर निरुपद्रवी नाहीं. जळत्या पानांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, आणि त्यासह अत्यंत सूक्ष्म कण. अडीच मायक्रोमीटरहून लहान असलेले हे कण केसाच्या जाडीच्या विसाव्या-तिसाव्या हिश्श्याएवढे असून ते फुप्फुसाच्या शेवटच्या कोषापर्यंत जातात. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं हवेच्या एका घनमीटरांत त्यांचें वार्षिक प्रमाण पांच मायक्रोग्रॅमहून अधिक नसावें असें सांगितलें. भारताची २००९ सालची मर्यादा चाळीस आहे. त्यांत वणव्याचा धूर एकटा येत नाहीं. घरांत चूल असतेच. कर्क स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं गुजरातच्या खेड्यांत चुलीपुढील स्त्रियांच्या श्वासांतील धूर मोजून १९८३ सालीं प्रसिद्ध केला, तेव्हां शहरी धुरापेक्षां स्वयंपाकघराचा धूर अधिक दाट असूं शकतो, हें विद्वानांच्या ध्यानीं आलें. चुलीच्या धुरांत वाढणाऱ्या बालकांस न्यूमोनियाचा धोका जवळजवळ दुप्पट होतो. याच गडचिरोलींत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं, गांवांतल्याच कार्यकर्त्यांकडून उपचार करवून बालकांचे न्यूमोनियानें होणारे मृत्यु कमी करतां येतात, हें १९९० सालीं जगापुढें मांडलें. चैत्रांत मात्र घरांतील आणि बाहेरील धूर एकत्र होतो, आणि त्या मुलांना मोकळी हवा उरत नाहीं.

धुराला सीमाहि नसते. १९९७ सालीं इंडोनेशियाच्या आगींनीं सिंगापूरचें आकाश झांकलें. २०२३ च्या जूनमध्यें कॅनडाच्या वणव्यांनीं न्यूयॉर्क नारिंगी केलें. १९९९ सालीं हिंदी महासागरावर शास्त्रज्ञांनीं जो तपकिरी धुरकट थर पाहिला, त्यांत लांकूड, शेण, पालापाचोळा यांच्या जळणाचा वाटा होता. न्यूयॉर्क धुरांत बुडालें त्या दिवशीं जगानें छायाचित्रें पाहिलीं. कोरचीच्या धुराचें छायाचित्र कोण घेतो?

आतां आकाशांतून पाहणारे डोळे आले आहेत. २००४ सालापासून भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांच्या साह्यानें आगीच्या सूचना देते, आणि महाराष्ट्रांत अशा सूचना येणाऱ्या जिल्ह्यांत गडचिरोली अग्रभागीं असतो. उपग्रह आग कोठें आहे तें सांगतो. ती कां लागली, तें सांगत नाहीं. त्याचें उत्तर तेंदूच्या हिशेबांत आहे. १९६९ च्या कायद्यानें तेंदूपानांचा व्यापार सरकारच्या नियंत्रणाखालीं आला, ठेकेदारांना लिलाव होऊं लागले, आणि वैशाखांतील थोड्या दिवसांची मजुरी हा अनेक घरांचा वर्षांतील मोठा रोख आधार बनला. रान दुसऱ्याचें आणि मजुरी आपली, अशा व्यवस्थेंत आग विझविण्याची हौस कोणाला असणार?

२००६ चा वनहक्क कायदा येथेंच महत्त्वाचा ठरतो. धानोरा तालुक्यांतील मेंढा-लेखा या गांवाला २००९ सालीं सामूहिक वनहक्क मिळाला आणि जिल्ह्यांतील अनेक ग्रामसभा त्या वाटेनें गेल्या. रान गांवाचें झालें म्हणजे जळालेलें झुडूप हें गांवाचेंच नुकसान ठरतें. मोहाखालीं आग लावण्याऐवजीं पानें झाडून बाजूस करणें वा जाळी अंथरणें, तेंदूचीं झुडपें जाळण्याऐवजीं छाटणें, फाल्गुनापूर्वींच जाळरेषा स्वच्छ करणें, हे उपाय साधे आहेत; फक्त त्यांस श्रम अधिक लागतात. ते श्रम कोणाच्या पदरीं घालावयाचे आणि त्यांचा मोबदला कोणीं द्यावयाचा, हाच खरा प्रश्न आहे. दीड शतक दंडाचा मार्ग चोखाळूनहि वणवे लागतच राहिले. ज्याच्या घरांत धूर शिरतो, त्याच्या हातीं रानाचा कारभार देऊन आणि त्या कष्टाचें मोल चुकवून पाहण्याचा मार्ग त्या मानानें अगदीं नवा आहे. तो किती दूर नेतो, हें वडशाच्या पुढील चैत्रांतील सकाळींच सांगतील.