चिखलातला बर्फ आणि विजेची साक्ष

5 सप्टेंबर 1927. फ्रान्सच्या अल्सास भागात, पेशलब्रॉनच्या एका तेलविहिरीत श्लुंबर्जे बंधूंच्या माणसांनी तारेला इलेक्ट्रोड बांधून खाली सोडले आणि खडकाचा विद्युतरोध खोलीप्रमाणे हाताने कागदावर मांडला. विहिरीचा हा पहिला इलेक्ट्रिक लॉग!

यातली गंमत साधी आहे. वाळूचे कण वीज वाहत नाहीत, ती वाहते कणांमधल्या खाऱ्या पाण्यातून. पाण्याची जागा तेलाने घेतली की रोध वाढतो. शेलमध्ये काम करणाऱ्या गस आर्चीने 1942 मध्ये हे एका सूत्रात बसवलं. रोध मोजा, पोकळ्यांचं प्रमाण घाला, पाणी किती उरलंय ते काढा.

आता गॅस हायड्रेट. थंडी आणि दाब असला की पाण्याच्या रेणूंचे पिंजरे बनतात आणि त्यात मिथेन अडकतो. दिसायला बर्फ, पण काडी लावली तर पेटतो! एका घनमीटरमधून 160 घनमीटरहून जास्त वायू निघतो. हायड्रेटही वीज जवळपास वाहत नाही, म्हणून लोकांनी आर्चीचंच सूत्र इथेही लावलं.

2006 मध्ये 'जॉयडीस रेझोल्यूशन' हे जहाज भारताच्या किनाऱ्यांवर आलं. केरळ-कोकण खोऱ्यात हायड्रेट सापडलं नाही. कृष्णा-गोदावरी खोऱ्यात मात्र एका ठिकाणी सुमारे 130 मीटर जाडीचा थर लागला. रोध प्रचंड, म्हणजे साठाही प्रचंड? तळाचा दाब कायम ठेवून वर आणलेल्या नमुन्यांतला मिथेन मोजला, तर हायड्रेट सूत्राच्या उत्तरापेक्षा खूपच कमी निघालं.

उपकरण बरोबर होतं, गणितही बरोबर. चुकलं ते गृहीतक. आर्चीचं सूत्र स्वच्छ वाळूच्या खडकांसाठी, पोकळ्यांत सारखं पसरलेल्या द्रवांसाठी होतं. इथे हायड्रेट होतं चिकणमातीच्या उभ्या भेगांत. उपकरणाची वीज विहिरीतून बऱ्याच अंशी आडवी बाहेर जाते आणि या उभ्या पडद्यांवर अडते. घाटातली दरड आठवा. तीच माती रस्त्याच्या कडेने पसरली तर गाड्या जातात, रस्त्यावर आडवी पडली की सगळं ठप्प. ट्रॅफिक किती तुंबलंय यावरून माती किती ट्रक आहे ते कसं सांगणार?

पुढे संशोधकांनी भेगांची दिशा धरून नवी मॉडेल्स केली, तेव्हा उत्तरं नमुन्यांच्या जवळ आली.

असो. 'अमुक वर्षं पुरेल इतका वायू' अशी बातमी वाचलीत, तर एकच विचारा : आकडा नुसत्या विजेवरून काढलाय, की दाबबंद नमुन्याशी ताडून पाहिलाय?