नेक्रो
‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ खेळणारे १९९६च्या उन्हाळ्याला अजून ‘ब्लॅक समर’ म्हणतात. कारण एकच काळं पान, ‘नेक्रोपोटेन्स’. ते मांडलं की नेहमीचं पान ओढणं बंद. खेळाडूला सुरुवातीला मिळालेल्या वीस प्राणांतला एकेक मोजायचा आणि पाळी संपताना तितकी पानं हातात घ्यायची. जीव देऊन पानं कोण घेईल, म्हणून आधी अनेकांनी नाकं मुरडली. मग स्पर्धांत जिकडेतिकडे तेच! लाडाचं नाव ‘नेक्रो’. ग्रीक ‘नेक्रोस’ म्हणजे प्रेत. त्यावर लॅटिन ‘पोटेन्शिया’चं, सामर्थ्याचं कलम. (शुद्धतावाद्यांनी कानावर हात ठेवावेत.) ‘नेक्रोस’ आणि संस्कृत ‘नश्’ मुळात सख्खे भाऊ. म्हणजे आपला ‘नाश’ त्याच घराण्यातला, आणि सकाळी पातेल्यात नासलेलं दूधही.