गोल करवत आणि कारागिराची बोटे

घरातला पाट असो, देव्हारा असो, की दिवाणखान्यातले कपाट असो. त्याच्या फळीला सपाटपणा कोणी तरी करवतीने दिलेला असतो. यंत्रे येण्यापूर्वी हे काम दोन माणसे मिळून करीत. ओंडका खड्ड्यावर अथवा उंच घोडीवर आडवा ठेवीत; एक जण वर उभा राही, दुसरा खाली. वरचा रेषेवर नजर ठेवी. खालच्याच्या डोळ्यांत, नाकात व मानेवर दिवसभर भुसा पडे. काम संथ व कष्टाचे होते खरे. परंतु करवत हाताच्या आज्ञेत असे. हात थांबला की दातही थांबत. करवत गोल झाली आणि नेमकी हीच गोष्ट बदलली.

सरळ करवत एका दिशेने कापते आणि मोकळीच परत येते. तो परतीचा वेळ व श्रम फुकट जातो. पोलादाच्या चकतीला कडेने दात पाडून ती आसावर फिरविली, तर परत येण्याचे कारणच उरत नाही. ही युक्ती प्रथम कोणाला सुचली, याविषयी निरनिराळ्या कथा आहेत. अमेरिकेतील शेकर पंथाच्या टॅबिथा बॅबिट या स्त्रीने 1813 च्या सुमारास चरख्याचे फिरते चाक पाहून गोल करवत योजिली, अशी एक गोड आख्यायिका आहे. परंतु इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या सॅम्युएल मिलरने 1777 सालीच अशा करवतीच्या यंत्राचे पेटंट घेतले होते. त्याच गावचा वॉल्टर टेलर इंग्रजी आरमारासाठी दोरखंडांच्या कप्प्या तयार करताना गोल करवती वापरीत असे.

कप्पी ही वस्तू क्षुल्लक वाटेल. पण शिडांच्या एका मोठ्या युद्धनौकेला तशा सुमारे हजार लागत. 1802 नंतर पोर्ट्‌समथच्या सरकारी गोदीत मार्क ब्रूनेल याने आखलेली आणि हेन्री मॉडस्ले याने घडविलेली यंत्रे वाफेच्या जोरावर चालू लागली. त्यांत गोल करवतींना मानाचे स्थान होते. 110 कुशल कारागिरांचे काम तेथे 10 साधे मजूर करू लागले, आणि 1808 साली त्या कारखान्यातून 1,30,000 कप्प्या बाहेर पडल्या.

असे आकडे ऐकून मालक हर्षित होत. कारागीर मात्र धास्तावत. लंडनजवळच्या लाइमहाउस येथे चार्ल्स डिंग्ली याने पवनचक्कीवर चालणारी लाकूड-गिरणी उभारली, तेव्हा मे 1768 मध्ये शेकडो करवतवाल्यांनी ती मोडून टाकली. त्यांना भय होते ते भाकरीचे. बोटांचे भय पुढच्या पिढ्यांच्या वाट्याला यायचे होते.

त्या भयाचा हिशेब सोपा आहे. एक फूट व्यासाची चकती मिनिटाला 3,000 फेरे करू लागली, म्हणजे तिच्या कडेवरील दात तासाला शंभर मैलांहून अधिक वेगाने धावतो. डोळ्याला दात दिसतच नाहीत. दिसते ती एक स्थिर, चकाकणारी कड. शिवाय केवळ कापणे एवढाच धोका नव्हे. चकतीच्या पुढच्या बाजूचे दात खाली जातात व फळीला मेजावर दाबून धरतात. मागचे दात मात्र वर येत असतात. लाकडातील ताण मोकळा होऊन चीर मिटू लागली, की हेच मागचे दात फळी उचलून कारागिराच्या अंगावर भिरकावतात. आणि फळी निसटताच तिला रेटणारा हात चकतीवर जातो.

यावरचे उपाय आश्चर्य वाटावे इतके साधे आहेत. चकतीच्या मागे, तिच्याच रेषेत, पाचरीसारखे पोलादी पाते उभे करावे. म्हणजे चीर मिटत नाही. वरच्या दातांवर खालीवर सरकणारे आच्छादन असावे, मेजाखालचा भाग पूर्ण झाकलेला असावा, आणि फळीचे शेवटचे टोक बोटांनी नव्हे तर खाचेच्या काठीने पुढे ढकलावे. इंग्लंडात 1922 च्या नियमांनी या गोष्टी सक्तीच्या केल्या, तेव्हा पोर्ट्‌समथच्या त्या विक्रमाला शंभराहून अधिक वर्षे लोटली होती.

हिंदुस्थानात 1881 च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने धोक्याच्या यंत्रांना कुंपण घालण्यास सांगितले. परंतु तो कायदा 100 किंवा अधिक माणसांच्या कारखान्यांपुरता होता. लाकडाच्या लहान वखारी बाहेरच राहिल्या. 1884 साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी सुमारे साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. त्यात साप्ताहिक सुटीबरोबरच, यंत्रात जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पगार मिळावा आणि जन्माचा अधू झालेल्याच्या निर्वाहाची तजवीज व्हावी, अशीही मागणी होती. ते कामगार कापडगिरण्यांतले होते. तथापि तो प्रश्न प्रत्येक फिरत्या यंत्राचा होता. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याने अखेर अंगठा, तर्जनी व इतर बोटे यांच्या हानीचे टक्के ठरविले. बोट गेल्यावर त्याचे मोल मिळू लागले. ते जाऊ नये म्हणून झटणे हे काम कारखान्यातच व्हायचे राहिले.

जाणता कारागीर म्हणूनच चकतीची निगा ही आपल्या हाताचीच निगा समजतो. बोथट दात कापीत नाहीत, घासतात. चकती तापते, वाकते आणि लाकडात अडकते. दात एकाआड एक उजवीडावीकडे किंचित वाकविलेले असतात, जेणेकरून चीर चकतीच्या जाडीहून रुंद पडावी; कानस चालविताना ही वाक व दातांची उंची सारखी राखावी लागते. डिंक-राळ साचू देऊ नये. तडा गेलेली चकती दुरुस्तीच्या मोहात न पडता मोडीत काढावी. हात लावण्यापूर्वी वीज तोडावी आणि चकती आपोआप थांबेपर्यंत थांबावे. सैल बाही, उपरणे किंवा हातमोजे घालून फिरत्या दातांजवळ जाऊ नये.

1999 साली अमेरिकेत स्टीफन गॅस यांनी असे यंत्र कल्पिले, की मानवी त्वचेचा स्पर्श विजेच्या संकेतावरून ओळखून चकती सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आत थांबावी; 2004 पासून ते विक्रीस आले. हात थांबला की दात थांबत, ही खड्ड्यावरच्या जुन्या करवतीची सोय सुमारे सव्वादोनशे वर्षांनी अशी परत आली. परंतु जेथे ते महाग यंत्र पोहोचत नाही, तेथे पाचरीचे पाते, आच्छादन व काठी यांची किंमत आजही थोडकीच आहे. ती तिघे जागेवर आहेत की घाईत काढून भिंतीशी टेकविली आहेत, एवढे पाहिले तरी त्या कारखान्यात माणसाच्या हाताचे मोल काय धरले जाते, ते कळते.