घरगुती व्यायामसाधने : औंधचा अनुभव

उपनगरांतील आटोपशीर सदनिकांत वजन घटविण्यासाठी यंत्रे घेतली जातात. या निवडीला महाराष्ट्रात शतकाहून जुना पूर्वेतिहास आहे. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी १८९७ मध्ये युजेन सँडो यांची साधने व पुस्तके घेऊन सुमारे दहा वर्षे नियमित व्यायाम केला. १९०८ च्या सुमारास ते साधनविरहित सूर्यनमस्कारांकडे वळले आणि १९०९ मध्ये राजे झाल्यावर संस्थानातील शाळांतही त्यांनी ते रुजविले.

लक्षणीय बाब ही की, साधने सुटली तरी नित्यनेम सुटला नाही. तात्पर्य, वजन आरोग्यपूर्णरीत्या घटते ते मिताहाराने व सातत्याने. म्हणून अंधेरी–मुलुंडच्या सदनिकेसाठी यंत्र निवडताना किमतीपेक्षा ते रोज वापरले जाईल काय, हाच निकष ग्राह्य मानावा.