घरासाठी आरोग्यदायी शौचालय निवडताना

शौचालय बांधताना भांड्याचा रंग, फरशी आणि नळ यांची चर्चा फार होते. मात्र कुटुंबाचे आरोग्य ठरते ते जमिनीखालच्या व्यवस्थेवर. गोव्यात हा विचार अधिकच निकडीचा आहे. येथील जांभा दगड सच्छिद्र आहे, पावसाळ्यात भूजल वर येते आणि अनेक घरांच्या परसात आजही विहीर आहे.

मैल्याची व्यवस्था : जवळून मलनिस्सारण वाहिनी जात असल्यास तिची जोडणी घेणे सर्वोत्तम. ती नसल्यास दोन पर्याय उरतात. उंचवट्याच्या, निचऱ्याच्या जमिनीवर दोन खड्ड्यांचे शौचालय सोयीचे व स्वस्त पडते. एक खड्डा भरल्यावर तो बंद करून दुसरा वापरात आणतात. बंद खड्ड्यातील मैल्याचे सुमारे दोन वर्षांत दुर्गंधीरहित खत होते. नदीकाठी, खाजण परिसरात वा सखल भागात मात्र असे खड्डे पावसाळ्यात पाण्याने भरतात. तेथे गळती नसलेली सेप्टिक टाकी हवी. टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यातही रोगजंतू असतात. म्हणून ते उघड्या गटारात न सोडता शोषखड्ड्यात सोडावे. भूजल वर असेल तेथे शोषखड्डा उंचावर बांधावा लागतो.

विहिरीपासूनचे अंतर : खड्डा विहिरीपासून किमान १० मीटर दूर आणि उताराच्या खालच्या बाजूस असावा. जांभ्याला भेगा असल्यास त्याहूनही अधिक अंतर ठेवणे हिताचे. कारण भेगांतून दूषित पाणी न गाळताच विहिरीपर्यंत पोहोचते. शेजाऱ्याची विहीरही मोजमापात धरावी.

भांडे : भांड्याच्या वळणात साठून राहणारे पाणी दुर्गंधी व किडे रोखते. अधिक उताराच्या ग्रामीण भांड्याला दीड ते दोन लिटर पाणी पुरते. साध्या भांड्याला त्याच्या कितीतरी पट लागते. गुडघेदुखी असलेल्या वृद्धांसाठी कमोड व भिंतीला पक्का दांडा बसवावा.

देखभाल : सेप्टिक टाकीच्या वायुनलिकेच्या तोंडाला बारीक जाळी लावावी, अन्यथा आत डासांची पैदास होते. साचलेला गाळ दर दोन-तीन वर्षांनी यंत्राने उपसून घ्यावा. टाकीतील विषारी वायू क्षणात जीव घेतात. माणूस उतरवून अशी धोकादायक सफाई करून घेणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. म्हणूनच उपसा करणारे वाहन पोहोचेल अशीच जागा आरंभी निवडावी. स्वस्तात उरकलेल्या टाकीची खरी किंमत पुढे विहिरीचे पाणी पिणाऱ्यांना मोजावी लागते.