खलनायक आपल्याला का आवडतो? कर्ण, सखाराम ते अण्णा नाईक

दसरा म्हटलं की नागपूरकरांना सदरचं कस्तुरचंद पार्क आठवतं. रावणाचा उंच पुतळा, फटाके, गर्दी आणि व्हिडिओसाठी वर झालेले मोबाईल. पण इथून साधारण अडीचशे किलोमीटरवर, अकोला जिल्ह्यात पातूर तालुक्यातल्या सांगोळा गावात, याच रावणाची पूजा होते. तिथे त्याची काळ्या दगडाची, दहा तोंडांची मूर्ती आहे. मेळघाट आणि गडचिरोली भागातल्या काही आदिवासी समूहांमध्येही रावण, मेघनाद पूज्य मानले जातात.

म्हणजे एखाद्याला खलनायक म्हणायचं की नाही, हे बऱ्याचदा गोष्ट कोण सांगतंय यावर ठरतं. कथा-कादंबऱ्या, नाटकं आणि सिनेमे नेमकं हेच वापरतात. ते आपल्याला काही वेळ ‘त्या’ बाजूला नेऊन बसवतात. तिथे बसल्यावर तो माणूस आवडायला लागतो. असं का होतं, तेच समजून घेऊ.

गुंतागुंतीचा खलनायक म्हणजे कोण?

साधा खलनायक वाईट असतो कारण गोष्टीला वाईट माणूस हवा असतो. गुंतागुंतीच्या खलनायकाकडे स्वतःचं कारण असतं. कधी त्याचा अपमान झालेला असतो, कधी त्याच्यावर अन्याय झालेला असतो, कधी त्याचा स्वतःचा एक नियम असतो आणि तो नियम पूर्ण चुकीचाही नसतो. 2019 च्या ‘जोकर’ सिनेमातला आर्थर फ्लेक खून करतो. पण त्याआधी शहराने त्याला कसं हाडतूड केलं, हे आपण पाहिलेलं असतं.

तो आवडतो का?

यावर संशोधन झालं आहे. रिबेका क्राऊज आणि डेरेक रकर या अभ्यासकांचा एक शोधनिबंध 2020 साली ‘सायकॉलॉजिकल सायन्स’ या जर्नलमध्ये आला. आपल्या स्वभावाशी जुळणारी काल्पनिक पात्रं शोधून देणारी एक वेबसाइट आहे. तिच्या दोन लाखांहून जास्त वापरकर्त्यांची माहिती त्यांनी तपासली. लोकांना आवडणारे खलनायक त्यांच्या स्वतःच्या स्वभावाशी जास्त जुळणारे निघाले. खऱ्या आयुष्यात आपल्यासारखाच एखादा वाईट माणूस भेटला तर आपण अस्वस्थ होतो. गोष्टीत तसं होत नाही, कारण ‘हे खोटं आहे’ ही सुरक्षित भिंत मध्ये असते. त्या आडून स्वतःची काळी बाजू बघता येते.

सिनेमाचे अभ्यासक मरे स्मिथ यांनी 1995 च्या पुस्तकात याचे टप्पे सांगितले. सोप्या मराठीत ते असे : आधी आपण पात्र ओळखतो, मग त्याच्यासोबत चालतो, म्हणजे त्याला दिसतं ते आपल्याला दिसतं. त्यानंतर आपण त्याची बाजू घेतो. सोबत चालणं आणि बाजू घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चांगला लेखक आपल्याला सोबत चालवतो. बाजू घ्यायची की नाही, हे आपण ठरवायचं असतं.

मराठीतली तीन मोठी उदाहरणं

कर्ण : शिवाजी सावंत यांची ‘मृत्युंजय’ 1967 साली आली, तेव्हा ते विशीत होते. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण हे सहा जण आळीपाळीने गोष्ट सांगतात. कौरवांच्या बाजूने लढलेला कर्ण मराठी घराघरात हिरो झाला, त्यात या कादंबरीचा मोठा वाटा आहे. जन्मावरून झालेली हेटाळणी कुणालाही भिडते. पण महाभारताच्या द्यूतसभेत द्रौपदीचा अपमान करणाऱ्यांत कर्णही होता. स्टेटसला ठेवलेल्या कर्णाच्या फोटोत ही सभा सहसा दिसत नाही.

सखाराम : विजय तेंडुलकरांचं ‘सखाराम बाइंडर’ 1972 साली रंगमंचावर आलं. दिग्दर्शक कमलाकर सारंग, सखारामच्या भूमिकेत निळू फुले आणि चंपाच्या भूमिकेत लालन सारंग. सेन्सॉरने कात्री लावली, प्रयोग अडले आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. निकाल नाटकाच्या बाजूने लागला. सखाराम हा बुकबाइंडर. नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांना तो घरी आणतो आणि आपले नियम तोंडावर सांगतो. समाज जे लपून करतो ते हा उघड करतो, म्हणून त्याचा रोखठोकपणा भावतो. पण त्याच्या घरात मोकळेपणा फक्त त्याच्यासाठी आहे. चंपाचं दुसऱ्या पुरुषाशी नातं आहे हे कळल्यावर तो तिचा जीव घेतो.

घाशीराम : तेंडुलकरांचंच ‘घाशीराम कोतवाल’ डिसेंबर 1972 मध्ये पुण्यात रंगमंचावर आलं. पुण्यात अपमानित झालेला, चोरीचा खोटा आळ आलेला घाशीराम सूड घ्यायचं ठरवतो. कोतवाली मिळवण्यासाठी तो स्वतःची मुलगी गौरी नाना फडणवीसांच्या स्वाधीन करतो. त्याचा राग आपल्याला समजतो. पण शेवटी गौरी मरते, घाशीराम मरतो आणि ज्याच्या हातात खरी सत्ता होती तो नाना सहीसलामत सुटतो.

तिन्ही ठिकाणी जखम पुरुषाला झाली आणि तिची किंमत मोजली ती द्रौपदीने, चंपाने, गौरीने.

रीलमध्ये काय गळतं?

‘रात्रीस खेळ चाले’ 2016 मध्ये झी मराठीवर सुरू झाली. 2019 च्या दुसऱ्या पर्वात अण्णा नाईक जिवंतपणी कसे होते ते दाखवलं. माधव अभ्यंकरांनी साकारलेले अण्णा हे बायको, मुलं, गडीमाणसं या सगळ्यांना धाकात ठेवणारे, खून पचवणारे. मालिकेत त्यांच्या बायकोचा, माईंचा, दबलेला चेहरा रोज दिसायचा. वीस सेकंदांच्या रीलमध्ये मात्र फक्त अण्णांची नजर, चाल आणि मागे जोरदार म्युझिक उरतं. माई फ्रेमबाहेर जातात.

निळू फुलेंच्या पाटलांचंही असंच झालं. ‘वाडा’ या एका शब्दावर आजही मीम बनतात. पडद्यावरचा तो पाटील बायाबापड्यांना भीती वाटावी असा होता, मीममध्ये तो गंमत झाला. खरे निळू फुले तर राष्ट्र सेवा दलाच्या मुशीतून आलेले कार्यकर्ते होते. त्यांना ही माणसं उघडी पाडायची होती, त्यांचं कौतुक करायचं नव्हतं.

मग खलनायक आवडणं चूक आहे का?

अजिबात नाही. माणूस वाईट कसा होतो हे कळायला याहून सुरक्षित जागा नाही. जन्मावरून केलेला अपमान, खोटा आळ, सत्तेची चटक यांचं पुढे काय होतं, ते या पात्रांमुळे कळतं. आणि कारण समजलं म्हणून गुन्हा माफ होत नाही, हेही हीच पात्रं शिकवतात.

त्यामुळे पुढच्या वेळी एखादा खलनायक लय भारी वाटला, तर क्लिप शेअर करण्याआधी एवढंच विचारा : या गोष्टीत किंमत कुणी मोजली आणि ते माणूस या क्लिपमध्ये आहे का? नसेल, तर आपण अर्धीच गोष्ट शेअर करतोय.