प्लीहा म्हणजे काय? ती रक्तातले जंतू कशी पकडते?

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. पण फिल्टर कसा बांधलाय हे बघायची सवय आहे. शरीरातला असाच एक भारी फिल्टर म्हणजे प्लीहा, आपल्या बोलण्यातली पाणथरी.

कुठे असते?
पोटात डावीकडे वर, बरगड्यांखाली. मुठीएवढी, वजन साधारण १५० ग्रॅम. लसिका ग्रंथी लसिका गाळतात, प्लीहा थेट रक्त गाळते. हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी सुमारे ५ टक्के तिच्याकडे जातं.

लाल भाग
इथे काही रक्तवाहिन्यांची टोकं उघडीच असतात. रक्त जाळीत पसरतं, वेग कमी होतो. परत शिरेत जायला पेशींना १-२ मायक्रॉनच्या फटीतून घुसावं लागतं. लाल पेशी असते ७-८ मायक्रॉनची! लवचिक असेल ती दबून पार होते, म्हातारी आणि कडक झालेली अडकते. तिथल्या मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी तिला गिळतात, जंतूंनाही.

पांढरा भाग
बारीक धमनीभोवती टी पेशींचा थर, त्याला लागून बी पेशींचे गोळे. रक्तात जंतू सापडला की त्याचा तुकडा टी पेशींना दाखवला जातो. मग बी पेशी अँटीबॉडी बनवतात.

दोन्हींची सीमा
न्यूमोकोकससारख्या जंतूंवर साखरेचं कवच असतं, त्यामुळे ते सहज पकडले जात नाहीत. सीमेवरच्या बी पेशी टी पेशींची वाट न बघता आयजीएम अँटीबॉडी सोडतात. जंतूवर खूण बसते आणि भक्षक पेशींना पकड मिळते.

प्लीहा नसेल तर?
अपघातात फाटली तर कधी कधी काढावी लागते. विदर्भात आणि नंदुरबारकडे आढळणाऱ्या सिकलसेल आजारात वाकड्या पेशी तिच्या बारीक वाटा बुजवतात, ती निकामी होऊ शकते. माणूस जगतो, पण कवचवाल्या जंतूंचा संसर्ग काही तासांत जिवावर बेतू शकतो.

म्हणून अशा व्यक्तीने न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिबच्या लशींबद्दल डॉक्टरांना विचारावं. ताप आला तर ‘उद्या बघू’ नाही, लगेच दवाखाना गाठायचा आणि प्लीहेबद्दल आधी सांगायचं.

एक काम आजच करा. घरात असं कोणी असेल तर त्यांच्या मोबाइलच्या इमर्जन्सी माहितीत ‘प्लीहा नाही’ किंवा ‘सिकलसेल’ अशी नोंद टाका. ती लॉक स्क्रीनवरूनही दिसेल असं सेटिंग करा.